पाहावयाचें बेट आणि राहावयाचें बेट

गोंदियाचें रेल्वे स्थानक मुंबई-हावडा लोहमार्गाच्या जवळजवळ मध्यावर आहे. पूर्वेकडे निघालेली गाडी येथून रायपूर, बिलासपूर, खरगपूर या वाटेनें कोलकात्याकडे जाते. नागपूर व बल्लारशहा या वाटेनें दक्षिणेस वळलेली गाडी चेन्नईकडे आणि केरळाकडे जाते. समुद्र मात्र कोणत्याहि दिशेस गेलें तरी शेंकडों किलोमीटर दूर. भातगिरण्यांच्या आणि तलावांच्या या मुलुखांत अशीं पुष्कळ घरें सांपडतील, कीं ज्यांतील वडील माणसांनीं समुद्र आयुष्यांत एकदांच, मुंबईच्या चौपाटीवर उभें राहून, पाहिला असेल. असें असूनहि लग्नसराई आली म्हणजे याच घरांतून अलीकडे एक प्रश्न हमखास ऐकूं येतो. मंडप उतरतो, सत्यनारायण होतो, पाहुणे पांगतात, आणि मग कोणीतरी नव्या जोडप्यास विचारतें, "काय, मग अंदमान कीं लक्षद्वीप?"

एका पिढीपूर्वीं हा प्रश्न निघत नसे. विदर्भांतील जोडपें फार झालें तर चिखलदऱ्यास किंवा पचमढीस जाई, आणि पुष्कळांचा मधुचंद्र कुलदैवताच्या दर्शनांतच आटोपे. पुढें विमानप्रवास सुलभ झाला, नोकरदार घरांत दोन पगार येऊं लागले, आणि दूरध्वनीच्या पडद्यावरून निळ्या पाण्याचीं छायाचित्रें घरोघर पोंचलीं. जानेवारी 2024 मध्यें पंतप्रधान लक्षद्वीपास जाऊन आले, त्यानंतर तर अंदमानचें नांव ज्यांच्या तोंडीं आधींपासून होतें, त्यांच्याहि मनांत दुसरें नांव डोकावूं लागलें. दोन्ही समूह आपल्याच देशांतले. नारळी, पांढरी वाळू आणि प्रवाळ दोन्हीकडे. पारपत्राची जरूर कोठेंच नाहीं. मग निवड करावयाची ती कशाच्या आधारावर?

विवेचनाच्या सोयीसाठीं एक दांपत्य कल्पावें. वर गोंदियांतील एका महाविद्यालयांत इतिहास शिकवितो. वधू तिरोड्याची असून एका बँकेंत नोकरीस आहे. लग्न मार्गशीर्षांत झालें. रजा दोघांचीहि नऊ दिवसांची, आणि खर्चास दोघांनीं वर्षभर बाजूस टाकलेली रक्कम. त्याचा ओढा अंदमानकडे आहे, आणि तो तसें उघड बोलतो. तिच्या मनांत लक्षद्वीप आहे. पण ती बोलत नाहीं. "तुम्ही म्हणाल तिथं जाऊ," एवढेंच ती म्हणते. खरी अडचण येथेंच सुरू होते. नव्या संसारांतील हा पहिला मोठा निर्णय. त्यांत एकानें ठरवावें आणि दुसऱ्यानें मान डोलवावी असें झालें, तर तीच रीत पुढें घर बांधतांना, बदली पत्करतांना, मुलांची शाळा ठरवितांना कायम होण्याचा संभव असतो. म्हणून हा प्रश्न वाटतो तितका हलका नाहीं. तो सोडविण्यापूर्वीं, हीं बेटें मुळांत काय आहेत हें दोघांनींहि नीट समजून घेणें अवश्य आहे.

नकाशावर हे दोन द्वीपसमूह भारताच्या दोन अंगांस सारखेच ठिपके टाकल्यासारखे दिसतात. पण त्यांचा जन्म अगदीं निराळा आहे. अंदमानचीं बेटें म्हणजे समुद्रांत बुडालेल्या पर्वतरांगेचे माथे होत. म्यानमारांतील आराकान योमा ही रांग दक्षिणेस समुद्रांत उतरते, आणि तिचे जे उंच भाग पाण्याबाहेर राहिले तींच हीं बेटें. म्हणून तेथें डोंगर आहेत, ओढे आहेत, दाट अरण्य आहे. उत्तर अंदमानांतील सॅडल पीक हें शिखर 732 मीटर उंच आहे. अंदमान व निकोबार मिळून क्षेत्रफळ 8,249 चौरस किलोमीटर भरतें, आणि त्याचा चार पंचमांशांहून अधिक भाग आजहि वनाखालीं आहे. भारतांतील एकमेव जागृत ज्वालामुखीहि याच समूहांत, बॅरन बेटावर आहे.

लक्षद्वीपाची गोष्ट याच्या उलट. तेथें पर्वत नाहीं, नदी नाहीं, ओढाहि नाहीं. ती भूमि जीवांनीं बांधलेली आहे. प्रवाळाचे अगदीं लहान जीव आपल्याभोंवतीं चुन्याचें कवच तयार करतात. हजारों वर्षें कवचावर कवच चढत जाऊन समुद्रांत कंकणासारखा वाटोळा बांध उभा राहतो. मूळचें बेट हळूहळू खचत जातें आणि प्रवाळ वर चढत राहतात, अशी उपपत्ति चार्ल्स डार्विन यानें 1842 सालीं मांडली, आणि पुढील संशोधनानें ती मुख्यतः खरी ठरली. या बांधाच्या आंत जें उथळ, निवांत पाणी असतें त्यास लगून म्हणतात. गोंदियाच्या माणसास हें समजावयास कठीण नाहीं. त्याच्या जिल्ह्यांत कोहळी समाजाच्या लोकांनीं शतकांपूर्वीं बांध घालून तलाव उभे केले; नवेगांव बांध हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. बांध आणि आंतलें पाणी यांचा हिशेब त्याला लहानपणापासून ठाऊक असतो. फरक इतकाच, कीं लक्षद्वीपांतील बांध माणसानें घातलेला नाहीं, आणि त्याचें काम पाणी कोंडण्याचें नसून बाहेरच्या लाटा अडविण्याचें आहे. तो बांध आहे म्हणूनच आंतील बेट समुद्रांत टिकून आहे.

या समूहाची सारी जमीन मिळून अवघी 32 चौरस किलोमीटर. उलट लगूनचें पाणी सुमारें 4,200 चौरस किलोमीटर. बेटें 36 गणलीं जातात, आणि वस्ती त्यांपैकीं दहांवरच आहे. 2011 च्या जनगणनेंत तेथील एकंदर लोकसंख्या 64,473 होती. त्याच वर्षीं एकट्या गोंदिया शहराची लोकसंख्या याच्या दुपटीहून अधिक भरली. जेथें सारा प्रदेशच एवढासा, तेथें पाहण्याची स्थळें तीं किती असणार? सकाळीं निघालेला मनुष्य बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन जेवणास परत येऊं शकतो.

एवढ्यावरून दोहोंचा स्वभाव ध्यानांत येतो. अंदमान हें पाहावयाचें बेट आहे. लक्षद्वीप हें राहावयाचें बेट आहे. छायाचित्रांत हा भेद दिसत नाहीं, कारण छायाचित्रांत पाणी दोन्हीकडे सारखेंच निळें असतें.

अंदमानांत पाहण्यासारखें किती आहे, याची गणना करूं लागलें तर नऊ दिवस अपुरे पडतात. राजधानीचें नांव 2024 सालीं पोर्ट ब्लेअर बदलून श्रीविजयपुरम् असें ठेवण्यांत आलें. तेथील सेल्युलर तुरुंगाचें बांधकाम 1896 सालीं सुरू होऊन 1906 सालीं पुरें झालें. मध्यें मनोरा, आणि चक्राच्या आऱ्यांप्रमाणें त्यापासून निघालेल्या सात इमारती. त्यांत सुमारें सातशें कोठड्या, आणि एका कोठडींतील बंद्यास दुसऱ्या कोठडींतील बंदी दिसूं नये अशी रचना. सातांपैकीं तीनच इमारती आज उभ्या आहेत, आणि 1979 पासून ती वास्तु राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केली आहे. मराठी माणसास हें स्थान परकें नाहीं. विनायक दामोदर सावरकर 1911 ते 1921 येथें बंदिवान होते. त्यांचे वडील बंधु बाबाराव त्यांच्याहि आधीं येथें आणले गेले होते. बंगालचे आणि पंजाबचे क्रांतिकारक याच भिंतींआड झिजले. पंजाबी, बंगाली आणि मराठी घरांत काळें पाणी हा शब्द ज्या भयानें उच्चारला जाई, त्याच पाण्यावर आज मधुचंद्राच्या नौका जातात. कांहींना हा विरोध खटकतो. पण ज्यांनीं त्या कोठड्या सोसल्या, त्यांची इच्छा पुढील पिढ्यांनीं मोकळेपणानें हिंडावें हीच होती. तेव्हां खटकण्यासारखें असेल तर तें हिंडणें नव्हे, आंत जाऊन कोठडीच्या गजाशीं हंसत छायाचित्र काढून घेणें होय.

राजधानीहून समुद्रमार्गें सुमारें 40 किलोमीटरांवर स्वराजद्वीप आहे, तेंच पूर्वींचें हॅवलॉक. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनीं 30 डिसेंबर 1943 रोजीं अंदमानांत राष्ट्रध्वज उभारला, त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशीं, म्हणजे 30 डिसेंबर 2018 रोजीं, हॅवलॉकचें स्वराजद्वीप व नीलचें शहीदद्वीप असें नामांतर झालें. स्वराजद्वीपावरील राधानगरचा किनारा लांबरुंद व पश्चिमाभिमुख असून त्याच्या पाठीशीं उंच झाडांचें रान आहे. सूर्यास्त पाहावयास जमणारी गर्दी तेथेंच असते. शिवाय बाराटांग येथील चुनखडीच्या गुहा आहेत, तिवरांच्या वनांतून जाणारी होडीची वाट आहे, प्रवाळ पाहण्यासाठीं पाण्यांत बुड्या आहेत. पण यांतील प्रत्येक स्थळास जावयाचें म्हणजे पहांटे उठणें, सामान बांधणें, धक्क्यावर रांगेंत उभें राहणें, आणि नौकेची वेळ सांभाळणें आलें. प्रवासी कंपन्यांच्या छापील कार्यक्रमांत सहा रात्रींत चार मुक्काम घातलेले दिसतात. असा मनुष्य परत येतो तो पुष्कळ पाहून, आणि बराचसा दमून.

लक्षद्वीपांत याच्या उलट प्रकार. तेथें जाऊन कार्यक्रम विचारणाऱ्यास उत्तर मिळणें कठीण. सकाळीं लगूनमध्यें पोहावें, काचेच्या तळाच्या होडींतून प्रवाळ पाहावे, दुपारीं नारळीखालीं पडून राहावें, संध्याकाळीं पश्चिमेच्या बांधावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज ऐकावा. बांध बाहेरच्या लाटा अडवितो, म्हणून आंतील पाणी बहुधा शांत असतें, आणि नवशिक्या पोहणाऱ्यासहि त्याची भीति कमी वाटते. मिनिकॉय येथें 1885 सालचा दीपस्तंभ आहे, कवरत्तीस कोरीव लांकूडकामाची जुनी मशीद आहे. पण हीं स्थळें दिवसाची भर म्हणून पाहावयाचीं. तीं पाहण्यासाठीं म्हणून कोणी तेथें जात नाहीं. ज्यास चार दिवस एकाच ठिकाणीं राहण्याचा कंटाळा येतो, त्यानें लक्षद्वीपास जाऊन पैसे खर्चूं नयेत, हेंच उत्तम.

सूर्यासंबंधीं एक गंमत येथें सांगण्याजोगी आहे. भारताचें प्रमाण घड्याळ 82½ अंश पूर्व रेखांशावर बसविलें आहे. गोंदिया 80 अंशांच्या आसपास, म्हणजे त्या रेषेच्या जवळच. अंदमान त्याच्या पूर्वेस सुमारें दहा अंश, आणि लक्षद्वीप पश्चिमेस सुमारें तितकेंच. एका अंशास चार मिनिटें, या हिशेबानें अंदमानचा सूर्य घड्याळाच्या चाळीस मिनिटें पुढें आणि लक्षद्वीपाचा चाळीस मिनिटें मागें चालतो. दोहोंत अंतर ऐंशीं मिनिटांचें. डिसेंबरांत अंदमानांत सायंकाळीं पांचच्या सुमारास सूर्य मावळतो. लक्षद्वीपांत तो सहा वाजून गेल्यावर. ज्यास पहांटे फिरावयाची संवय आहे त्यास पूर्वेचीं बेटें मानवतील. ज्यास सकाळीं अंथरुण सोडवत नाहीं त्यास पश्चिमेचीं. घड्याळ तेंच असतें. माणसाचा स्वभाव मात्र त्यांत पकडला जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट हवामानाची. अंदमानांत दोन्ही मोसमांचा पाऊस पडतो. नैर्ऋत्य मोसमी वारे भारताच्या हद्दींत प्रथम पोंचतात ते याच समुद्रांत, बहुधा मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. आणि ईशान्येचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत, कधीं डिसेंबरच्या आरंभापर्यंत, रेंगाळतो. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरांत वादळेंहि होतात. म्हणून डिसेंबरच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंतचा काळ तेथें सर्वांत निर्धास्त. लक्षद्वीपांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि प्रवासी नौकांच्या फेऱ्या त्या दिवसांत कमी होतात. ऑक्टोबर ते मेचा पूर्वार्ध हा काळ तेथें बरा. विदर्भांत वैशाखांतील लग्नें पुष्कळ. घरांतील उकाड्यास कंटाळून मेच्या अखेरीस बेटावर निघालेलें जोडपें कोठेंहि गेलें तरी पावसाच्या तोंडीं सांपडेल. अशा जोडप्यानें लग्नानंतर सहा महिने धीर धरावा आणि हिवाळ्यांत जावें. मधुचंद्र लग्नाला चिकटूनच असला पाहिजे, असें कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें नाहीं.

आतां वाटेचा विचार. अंदमानांतील नेहमींच्या स्थळीं जावयास भारतीय नागरिकास परवान्याची जरूर नाहीं. निकोबारांत मात्र प्रवाशांस सर्वत्र मोकळा प्रवेश नाहीं. नागपूरहून विमानानें, मध्यें कोलकाता किंवा चेन्नई येथें विमान बदलून, श्रीविजयपुरम् गांठतां येतें. जहाजानें जावयाचें तर कोलकाता, चेन्नई किंवा विशाखापट्टणम् येथून अडीच-तीन दिवस समुद्रावर काढावे लागतात. जाऊन येऊन सहा दिवस. नऊ दिवसांच्या रजेंत बेटासाठीं मग उरलें काय? ज्यांस प्रवास हाच आनंद वाटतो त्यांची गोष्ट निराळी. लक्षद्वीपास जाण्याचें मुख्य दार कोची. तेथून अगत्तीस लहान विमान सुमारें दीड तासांत पोंचतें, आणि जहाजास बेटाच्या अंतराप्रमाणें चौदा ते वीस तास लागतात. पण त्याआधीं परवाना हवा. बाहेरच्या भारतीयासहि तेथें प्रवेशपरवान्याशिवाय जातां येत नाहीं; त्यासंबंधींचे नियम 1967 सालचे आहेत. अर्ज, ओळखीचे कागद, राहण्याची सोय झाल्याचा दाखला, हें सारें जमविण्यास अवधि लागतो, आणि खोल्या थोड्या असल्यामुळें हंगामांत त्या फार आधीं भरून जातात. लग्नाची तारीख ठरतांच ज्यांनीं अर्ज केला नाहीं, त्यांनीं लग्नानंतर लक्षद्वीपाचा हट्ट धरण्यांत अर्थ नाहीं.

परवान्याचा हा जांच पुष्कळांना जाचक वाटतो. आपल्याच देशांत आपणांस परवाना कशाला, असें ते विचारतात. पण त्याचें कारण त्या भूमीच्या लहानपणांत आहे. लक्षद्वीपांत गोडें पाणी म्हणजे वाळूंत मुरलेलें पावसाचें पाणी. तें जमिनीखालीं खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखें तरंगत असतें. उपसा अधिक झाला, कीं खालचें खारें पाणी वर येतें. कवरत्ती येथें 2005 सालीं समुद्राच्या वरच्या उबदार व खोलवरच्या थंड पाण्याच्या तापमानांतील फरकावर चालणारें पाणी गोडें करण्याचें यंत्र बसविलें गेलें. त्याची क्षमता रोज एक लाख लिटर. एक लाख लिटर हा आंकडा मोठा वाटतो. पण त्यावर एक गांव अवलंबून असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे प्रवाशानें दिवसांतून दोनदां भरलेल्या टबाची किंमत कळते. बांध घालणारे प्रवाळहि आज सुखांत नाहींत. समुद्राचें पाणी अधिक तापलें, कीं ते पांढरे पडतात आणि पुष्कळसे मरतात. 1998, 2010 आणि 2016 या वर्षीं लक्षद्वीपांत तसें घडलें. ज्या बांधावर बेट उभें आहे, तो बांध दुबळा होणें म्हणजे काय, हें ज्यानें आपल्या गांवच्या तलावाची पाळ फुटतांना पाहिली आहे त्यास निराळें सांगावयास नको.

म्हणून बेटावर जाणाऱ्यानें पाहुण्याचा धर्म पाळला पाहिजे, आणि तो दोन्हीकडे सारखाच आहे. प्रवाळाचा तुकडा, मग तो मेलेला कां असेना, घरीं आणूं नये. कायद्यानें तो गुन्हा आहे. लक्षद्वीपाचे रहिवासी बहुतेक सारे मुसलमान असून तेथें घर व मिळकत आईच्या वंशानें चालण्याची जुनी रीत आहे. गांवांतून जातांना तेथील लोकांना रुचेल असा वेष असावा. पोहण्याचा पोषाख पाण्यापुरता. अंदमानांत बाराटांगकडे जाणारा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव वनांतून जातो. 1956 सालच्या नियमांनीं त्या लोकांस संरक्षण दिलें आहे. त्यांचीं छायाचित्रें काढणें, त्यांस खाऊ फेंकणें, गाडी थांबविणें हें सर्व वर्ज्य आहे. त्याहिपेक्षां, त्यांना पाहावयास म्हणून त्या रस्त्यानें जाणेंच वर्ज्य मानावें. माणसें हीं प्रेक्षणीय स्थळें नव्हेत.

वडील मंडळींच्या शंकाहि टाकाऊ नसतात. "तिकडे आजारी पडलात तर?" असें सासूबाई विचारतात, तेव्हां तरुण मंडळी हंसतात. पण लक्षद्वीपांत मोठा आजार उद्भवला तर रोग्यास हेलिकॉप्टरनें कोचीस न्यावें लागतें, हें खरें आहे. अंदमानच्या राजधानींत मोठें रुग्णालय आहे, पण दूरच्या बेटावरून तेथवर पोंचण्यासहि वेळ लागतोच. दम्याचा, हृदयाचा किंवा दुसरा जुना विकार असलेल्यानें आपलें औषध पुरेसें बरोबर न्यावें, आणि पाण्यांत बुडी मारण्यापूर्वीं वैद्याचा सल्ला घ्यावा. अंदमानच्या कांहीं किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यांतील मगरींचें भय असतें. जेथें सूचनेची पाटी असेल तेथें पाण्यांत न उतरणें हेंच शहाणपण.

आतां पुन्हां त्या कल्पिलेल्या दांपत्याकडे वळावें. घरांत दोन दिवस चर्चा झाली. दिराचें मत अंदमानाकडे पडलें, नणंदेचें लक्षद्वीपाकडे. एका पाहुण्यानें तर दोन्ही सोडून भलत्याच परदेशाचें नांव काढलें. वधू गप्पच होती. शेवटीं वराच्या आत्यानें, जिनें तीस वर्षें शाळा चालविली होती, दोन कोरे कागद आणविले. एक भाच्यापुढें ठेवला, एक सुनेपुढें. "सूनबाई, तू लिहूनच दे. तोंडानं तू खरं सांगायची नाहीस. काय राहून गेलं तर जन्मभर चुटपुट लागेल, आणि काय करावं लागलं तर जीव विटेल, एवढ्या दोनच गोष्टी लिही." दोघांनीं एकमेकांस न दाखवितां लिहिलें.

त्याच्या कागदावर पहिल्या प्रश्नापुढें सेल्युलर तुरुंग, आणि दुसऱ्यापुढें कांहींच नव्हतें. तिच्या कागदावर लक्षद्वीपाचें नांवच नव्हतें. तिनें लिहिलें होतें, कीं चार दिवस एकच खोली असावी, दारांतून समुद्र दिसावा; रोज पहांटे उठून सामान बांधावें लागूं नये; आणि कोणाच्या चहाची वेळ सांभाळावी लागूं नये. लग्नाचे पंधरा दिवस भरल्या घरांत वावरलेल्या मुलीनें लिहिलेलें तें शेवटचें वाक्य वाचून आत्याबाईंनीं कागदाची घडी घातली आणि ती फक्त भाच्याच्या हातांत दिली.

मग उलगडा सोपा झाला. तिला हवें होतें तें एखादें बेट नव्हतें, राहणें होतें. आणि त्याला हवें होतें तें सारें पाहणें नव्हतें, एकच वास्तु होती. परवाना मिळविण्यास आतां वेळ नव्हताच. त्यांनीं प्रवासी कंपनीचा छापील कार्यक्रम समोर घेतला आणि त्यांतील चार मुक्कामांपैकीं दोन खोडले. जाण्यायेण्याचे तीन दिवस वजा जातां सहा राहिले. त्यांतील दोन राजधानींत, तुरुंगासाठीं व शहरासाठीं. आणि उरलेले चार एकट्या स्वराजद्वीपावर, एकाच खोलींत, कोणताहि कार्यक्रम न आंखतां. बाराटांग गळलें, शहीदद्वीप गळलें, आणि त्याबद्दल दोघांपैकीं कोणासहि हळहळ वाटली नाहीं. लक्षद्वीपासाठीं पुढील हिवाळा ठरला. अर्ज मात्र पावसाळ्यांतच करावयाचा, अशी नोंद तिनें आपल्या हातानें दिनदर्शिकेवर केली.

दुसऱ्या एखाद्या जोडप्याचे कागद निराळे निघतील, आणि मग उत्तरहि निराळें असेल. ज्यांच्या हातीं परवाना आहे, रजा आहे, आणि कांहीं न करतां एकमेकांजवळ बसण्याचा ज्यांना कंटाळा नाहीं, त्यांनीं पश्चिमेस जावें. ज्यांना डोंगर, अरण्य, इतिहास आणि समुद्र हें सारें एकाच प्रवासांत हवें आहे, त्यांनीं पूर्वेस जावें; पण तेथेंहि दोन दिवस निवांत ठेवावे. बेट कोणतेंहि निवडलें तरी तें समुद्रांत आपल्या जागीं उभेंच राहणार आहे, आणि या वर्षीं राहिलें तर पुढच्या वर्षीं पाहतां येईल. पहिल्या निर्णयांत एकाचें मन न विचारतां राहून गेलें, तर त्याची भरपाई मात्र कोणत्याहि बेटावर होत नाहीं. म्हणून तिकिटें काढण्यापूर्वीं दोन कोरे कागद काढावे; त्यांना खर्च कांहीं नाहीं.